आठ वर्षांचा मुलगा ‘मुंबई बुडणार का?’ म्हणून रात्री रडतो. घरचे म्हणतात दुर्लक्ष कर. त्याला काय सांगावं?

दुर्लक्ष करू नका. तुमच्या घरचे सांगतात तेच आमच्याकडे माझा मुलगा सांगतो, आणि त्यावरून आम्हा बापलेकांची इतकी वाजलेली आहे की तुमचा प्रश्न वाचून गप्प बसवेना. तुम्ही लिहिलंय, शाळेत हवामान बदलाचा धडा झाल्यापासून पोरगा पाऊस लागला की खिडकीशी जाऊन उभा राहतो, आणि सासूबाई म्हणतात, ‘विषय बदल, विसरेल.’ विसरत नाही हो. विचारायचं बंद करतो, इतकंच.

मी महापालिकेच्या पर्जन्य जलवाहिन्या खात्यात नोकरी केली. पावसाळ्यात अख्खी मुंबई ज्यांना शिव्या घालते ते आम्ही. आता निवृत्त होऊन परळला घरी बसलोय, हिंदमाताच्या मागच्या अंगाला, म्हणजे पावसात हमखास पाणी साचतं त्या सखल भागात. त्यामुळे ‘मुंबई बुडणार का’ असं कुणी विचारलं की बाकीच्यांना त्यात पोराचं हळवेपण दिसतं, मला माझ्या खात्याचा प्रश्न दिसतो.

माझी नात २०२५च्या जूनमध्ये दुसरीत गेली. त्या वर्षी मान्सूनने सगळ्यांनाच फसवलं. मुंबईत यायची त्याची नेहमीची तारीख ११ जून, आला २६ मेला. कुलाब्याला मे महिन्यातल्या पावसाचा १९१८चा विक्रम मोडला. वरळीचं आचार्य अत्रे चौक मेट्रो स्थानक नुकतंच सुरू झालं होतं, त्यात पाणी शिरलं आणि त्याचे व्हिडिओ दिवसभर सगळ्यांच्या मोबाइलवर. सूनबाईंच्या मोबाइलवर नातीनेही पाहिले. त्याच संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी तो जुना नकाशा टाकला, २०५० साली मुंबई पाण्याखाली दाखवणारा. आपलं घर कुठे आहे ते तिने बोट ठेवून शोधलं.

दुसऱ्या दिवशी बघतो तर स्वयंपाकघरातलं स्टूल माळ्याखाली. पोरीने एकटीने काय काय वर चढवलं होतं: नव्या वह्या, कंपासपेटी, एक बाहुली, आजीच्या गुडघ्याच्या गोळ्यांची पिशवी, देवघरातला बाळकृष्ण. माळ्याचा अर्धा भाग मात्र झाडून रिकामा ठेवलेला. म्हटलं, हा कशाला? तर म्हणे, इस्त्रीवाल्या काकांच्या गाठोड्यांना. ते तळमजल्यावर जिन्याखाली बसतात.

संध्याकाळी चिरंजीव कामावरून आले, हसले आणि सगळं खाली काढलं. ‘चौथ्या मजल्यावर कुठे पाणी येतं वेडे? काही होत नाही, जा जेव.’

‘आणि इस्त्रीवाले काका?’

याला उत्तर नव्हतं. तिची आई म्हणाली, ‘अगं २०५०ला अजून कितीतरी वर्षं आहेत.’ पोरीने बोटांवर हिशेब केला. ‘तेव्हा मी बत्तीस वर्षांची. आबा, तुम्ही?’ मी म्हटलं, मी नसेन. सूनबाईंनी माझ्याकडे असे डोळे वटारले की बस. पण पोर माझ्या मरणाने घाबरली नाही. तिने पुढचा प्रश्न टाकला, ‘मग पंप कोण चालवणार?’

नोकरीत असताना इतका नेमका प्रश्न मला कुणा नगरसेवकानेही विचारला नव्हता.

आता त्या नकाशाचं. तो क्लायमेट सेंट्रल या अमेरिकी संस्थेने २०१९ साली केला. समुद्राची पातळी वाढल्यावर वर्षातून एकदा तरी पुराचं पाणी जितकं चढेल, त्या उंचीच्या खाली कुठली जमीन येते, ते तो दाखवतो. मध्ये भिंत आहे का, दरवाजा आहे का, पंप आहे का, हे तो धरत नाही. म्हणजे आमचं खातं अस्तित्वातच नाही असं समजून काढलेला नकाशा. नकाशा खोटा आहे असं मी म्हणत नाही, आणि तुम्हीही मुलाला तसं सांगू नका. समुद्र वर येतोय हे खरं आहे. अपोलो बंदरला १८७८पासून भरतीची मोजणी चालू आहे, ती कुणा फॉरवर्डवाल्याने केलेली नाही. शिवाय मुंबईचा बराच भाग बेटांमधल्या खाड्या बुजवून केलेला. मोठ्या भरतीला समुद्राची पातळी आजही त्याच्या वर जाते. तेव्हा नाल्याचं तोंड समुद्राखाली जातं, जिथे दरवाजे आहेत तिथे ते बंद करावे लागतात, आणि त्याच वेळी पाऊस कोसळला तर पाणी पंपाने उचलून बाहेर फेकण्याखेरीज इलाज नसतो. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलंड, ब्रिटानिया, गजदरबंध ही सगळी पंपिंग स्टेशनं २००५च्या महापुरानंतर उभी राहिली. हिंदमाताचं पाणी साठवायला दादरच्या प्रमोद महाजन कलापार्कखाली आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली टाक्या आहेत. नातीला त्या पार्कात नेऊन उभी केली आणि सांगितलं, तुझ्या पायाखाली टाकी आहे. तिने पाय आपटून बघितला.

हेही सांगितलं की पंपांना मर्यादा असते. जुने नाले तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेले, नवा हिशेब ५०चा, आणि पाऊस कधीकधी दोन्हीला जुमानत नाही. हवा एक अंशाने तापली की तिच्यात साधारण ७ टक्के जास्त बाष्प मावतं, मग पडतं तेव्हा एकदम पडतं. सात वर्षांच्या पोरीला टक्के कळत नाहीत. ‘एकदम पडतं’ हे कळतं.

मग तिला भरती काढायला शिकवली. कोळ्यांचा आणि आम्हा जुन्या लोकांचा हिशेब सोपा आहे, तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकरा-बाराचा सुमार. त्यातही अमावास्या-पौर्णिमेचं उधाण, म्हणजे मोठी भरती, अष्टमीकडे भांगाची भरती, ती लहान. आम्हाला शाळेत पाऊणकी पाठ होती, हल्लीच्या पोरांना कुठली. महिनाभर बसून घेतली तिच्याकडून: एकाची पाऊण, दोनाची दीड, तिनाची सव्वादोन. आता भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथीखाली लाल पेन्सिलीने वेळ लिहिते, उधाणाला गोल करते. पावसात गोल आला की खाली जाऊन सांगून येते, ‘काका, उद्या बाराचं उधाण आहे, गाठोडी बाकावर घ्या.’ तो बिचारा घेतो. एखाद्या वेळी पाऊसच पडत नाही, मग तोच तिला चिडवतो.

भीती गेली का? नाही. मोठ्या उधाणाच्या आदल्या रात्री अजून उठते, माझ्या खाटेशी येऊन बसते. पण आता येते आणि विचारते. नकाशाच्या वेळी कुणाला न विचारता माळा भरत होती.

चिरंजिवांचं म्हणणं, हे सगळं उलटं आहे. ‘बाबा, सात वर्षांची पोर रोज भरती बघते. तिने खेळायचं की तुमची ड्युटी करायची?’ यावर भांडण झालं, आणि आमच्या घरातलं कुठलंही भांडण शेवटी जिथे जातं तिथेच गेलं, २६ जुलै २००५ला.

तेव्हा आम्ही कुर्ल्याला राहायचो आणि हा आठवीत होता. मी शहर भागात ड्युटीवर. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७३. त्यामुळे वर उपनगरांत काय चाललंय हे खाली शहरात दुपारपर्यंत कुणाला धड समजलंच नाही. चारच्या सुमाराला भरती, मिठी नदी फुगलेली, गाड्या बंद, फोन बंद. हा रात्रभर शाळेच्या वरच्या मजल्यावर बाईंनी वाटलेल्या ग्लुकोज बिस्किटांवर बसून. मी घरी पोचलो तोवर पाणी उतरून जिन्यातला चिखल सुकायला लागला होता.

म्हणाला, ‘पाणी कुठून आलं हे मला तेव्हा कळायला नको होतं. तुम्ही यायला हवं होतं.’

त्याला तेव्हा सांगितलं तेच आजही सांगतो: ज्या खात्याची माणसं पुराच्या दिवशी आपापल्या पोरांना आणायला निघून जातात, त्या शहराची सगळीच पोरं अडकतात. त्याला हे पटत नाही. नको पटू दे. पण त्याची मुलीबद्दलची पद्धत त्या रात्रीतून आलेली आहे. तिच्यासमोर बातम्या लागल्या की टीव्ही बंद, पावसाचा विषय निघाला की ‘काही होत नाही’. त्याला वाटतं आपण पोरीला वाचवतोय. त्या रात्री त्याला शाळेत सगळे हेच सांगत होते, काही होत नाही, आणि खाली पटांगणात पाणी चढताना त्याला दिसत होतं. हे त्यानेच मला सांगितलेलं आहे. तरी तो लेकीला तेच वाक्य ऐकवतो.

सूनबाई वाचन करतात. त्यांनी मला २०२१चा एक अभ्यास दाखवला, लॅन्सेटच्या प्लॅनेटरी हेल्थ मासिकातला. भारत धरून दहा देशांतल्या दहा हजार तरुणांना हवामान बदलाबद्दल काय वाटतं ते विचारलं. चारातले तीन म्हणाले, भविष्याची भीती वाटते. मला त्यातली दुसरीच गोष्ट लागली. ज्यांनी हा विषय कुणाजवळ काढून पाहिला, त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांना समोरच्याने उडवून लावलं होतं किंवा ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं. मी ते मुलाला मोठ्याने वाचून दाखवलं. तो म्हणाला, ती मुलं सोळा ते पंचवीसची आहेत, माझी सात वर्षांची आहे. मुद्दा बरोबर आहे त्याचा, लिहून ठेवतो. पण सोळाव्या वर्षी ज्याला उडवून लावतात त्याला सातव्या वर्षीही उडवलेलंच असणार, असं आपलं माझं मत.

तुमच्या मुलाला काय सांगायचं ते आता. तो विचारतो तेवढ्याचंच उत्तर द्या, पण खरं द्या. ‘बुडणार का?’ याला ‘एका दिवसात सगळी बुडत नाही. काही भागांत पाणी भरतं, पुढे जास्त भरेल, आणि ते काढायला माणसं आहेत’ हे खरं उत्तर आहे. तुम्ही मुंबईत कुठे राहता ते लिहिलेलं नाही. तुमच्या भागात पाणी कुठे साचतं, कुठून जातं, ते त्याला पाऊस नसताना पायी हिंडून दाखवा. एखादं काम द्या, पण खरं काम, कुणाच्या तरी उपयोगाचं. ‘पृथ्वी वाचवा’ची पोस्टरं नकोत. आमच्या नातीला शाळेने वीज वाचवायला सांगितलं तर तिने ऐन मे महिन्यात आजीचा पंखा बंद केला आणि आजीने चालू केल्यावर रडली. जगभर कोळसा आणि तेल जाळून ठेवलंय मोठ्यांनी, आणि त्याचं ओझं दुसरीतल्या पोरीवर! तिला स्पष्ट सांगितलं, यात तुझी काही चूक नाही. ते दोनदा सांगावं लागलं.

आणि रात्री उठला तर त्याच्याजवळ बसा. माहिती सकाळी. एवढं माझ्या मुलाचं बरोबर आहे, पण हे मी त्याला सांगितलेलं नाही.

मी डॉक्टर नाही. मुलगा जेवत नसेल, शाळेत जायलाच नको म्हणत असेल, पावसाळा संपल्यावरही झोप लागत नसेल, तर माझं उत्तर बाजूला ठेवा आणि समुपदेशकाकडे न्या, सासूबाई काहीही म्हणोत. पाऊणकीच्या हिशेबात अर्ध्यापाऊण तासाची चूक धरून चाला. नेमकी वेळ हवी तर महापालिका दर पावसाळ्याआधी साडेचार मीटरवरच्या भरत्यांची यादी काढते, ती बघा. आणि मूल समुद्रावर नेणार असाल तर त्या यादीतले दिवस सोडून न्या.