दोन फेलोशिप आणि अंडरटेकिंगमधले दोन शब्द

बडोद्याहून समाजशास्त्रात पीएचडी करणाऱ्या एका मुलीचं पत्र आलंय. अशी पत्रं आता इतकी येतात की पहिल्या दोन ओळींत पुढचं कळतं. थोडक्यात असं: राज्याची महिना १५,००० ची फेलोशिप, दोन वर्षांची, जुलै २०२४ ला संपली. त्याआधी जानेवारी २०२४ मध्ये नेट परीक्षेचा निकाल लागला त्यात जेआरएफ, म्हणजे ज्युनिअर रिसर्च फेलोशिप, मिळाली. जॉइनिंग १ फेब्रुवारीचं दाखवलं, पैसे मात्र ऑक्टोबरमध्ये आले, मागच्या महिन्यांचे सगळे एरिअर्स एकदम. आता नोटीस आलीय की राज्याच्या फेलोशिपचे दोन वर्षांचे सगळे पैसे, कंटिन्जन्सी म्हणजे पुस्तकं-प्रवासाचा खर्च धरून ४ लाख, वर १२ टक्के व्याज, १५ दिवसांत भरा, नाहीतर काही देणं बाकी नाही असा नो ड्यूजचा दाखला मिळणार नाही. नोटिशीला नऊ दिवस झालेत. आणि प्रश्न काय, तर "मॅडम, मी एकाच महिन्यात दोन्हीकडचे पैसे कधीच घेतले नाहीत, मग माझी चूक काय?"

दोन फेलोशिप एकत्र चालत नाहीत हे तुम्हाला माहीत आहे, ते मी परत सांगत नाही. पण पैसे खात्यात कधी पडले याला अर्थ नाही हो, ते कोणत्या महिन्यांचे आहेत ते बघतात. आधीपासून पीएचडीला रजिस्टर असलेल्याची जेआरएफ निकालाच्या तारखेपासून किंवा जॉइनिंगपासून, जी तारीख नंतरची तिच्यापासून सुरू होते. म्हणजे तुमची १ फेब्रुवारीपासून. तुम्हीच लिहिलंय की "क्लार्क म्हणाले आधीची तारीख टाका, एरिअर्स जास्त मिळतील". टाकलीत. जेआरएफ महिना ३७,००० ची, त्यामुळे फेब्रुवारी ते जुलै या सहा महिन्यांचे एरिअर्स गोड लागले असणार, पण त्याच सहा महिन्यांचे राज्याचे ९०,००० तुम्ही आधीच घेऊन बसला होतात. ऑक्टोबरमध्ये एक साधं पत्र दिलं असतं की बाबांनो एवढे महिने डबल झालेत, सांगा कुठे भरू, तर हे प्रकरण दोन महिन्यांत मिटलं असतं. तुम्ही वर्षभर गप्प बसलात.

तर हे ९०,००० तुमचे नाहीत, त्यावर भांडू नका. भांडण बाकीच्या ३ लाख १० हजारांचं आहे, आणि ते सगळं अंडरटेकिंगच्या, म्हणजे राज्याची फेलोशिप घेताना दिलेल्या हमीपत्राच्या, एका वाक्यावर आहे, जे तुम्ही सही करताना वाचलं नव्हतं आणि ज्याची झेरॉक्ससुद्धा ठेवली नव्हती, नशीब मैत्रिणीच्या मोबाइलमध्ये फोटो निघाला. मूळ गुजरातीत आहे, मराठीत साधारण असं होतं: "सदर कालावधीत अन्य कोणतीही फेलोशिप घेतल्यास मिळालेली रक्कम व्याजासह परत करीन."

मिळालेली रक्कम. कोणती? सदर कालावधीत मिळालेली, की पहिल्या दिवसापासून मिळालेली सगळी? ऑफिसनं दुसरा अर्थ धरलाय, कारण त्यांना तो सोयीचा. पण मसुदा त्यांचा, तुम्ही फक्त सही केलीत, आणि ज्यानं मसुदा केला त्याच्या वाक्यात दोन अर्थ निघत असतील तर संदिग्धपणाचा फायदा समोरच्याला द्यावा हे कोर्टं मानत आलीत. फेब्रुवारीच्या आधीच्या अठरा महिन्यांत तुम्ही कोणतीही अट मोडलेली नाही, काम केलंय, प्रोग्रेस रिपोर्ट दिलेत, ते पैसे परत मागणं म्हणजे दंड झाला. काँट्रॅक्ट अ‍ॅक्टच्या कलम ७४ खाली कोर्ट वाजवी भरपाईच देतं, लिहिलेला आकडा ही फक्त वरची मर्यादा. हां, त्या कलमाला एक अपवाद आहे, सरकारच्या आदेशानं सार्वजनिक कामासाठी दिलेल्या बाँडचा, त्यांचा वकील तो काढेल असं धरून चला. पण तिथंच खाली स्पष्टीकरण आहे की सरकारशी करार केला म्हणजे आपोआप सार्वजनिक कर्तव्य अंगावर घेतलं असं होत नाही. यात कोर्ट कुठे झुकेल ते मी आत्ता छातीठोकपणे सांगणार नाही.

आणि "व्याजासह" म्हणजे किती टक्के? नोटिशीतले १२ कुठून आले? अंडरटेकिंगमध्ये दर नाही. हे विचारा, लेखी.

बडोद्याला स्कॉलरशिपचं करारपत्र काही नवीन नाही. बाबासाहेबांच्या स्मरणार्थ असलेल्या संकल्पभूमीला गेला असालच. सयाजीराव महाराजांनी बाबासाहेबांना कोलंबियाला पाठवलं तेव्हा ४ जून १९१३ ला करारावर सही झाली, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि शिकून आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी. अट कडक होती, पण देणं किती न् घेणं किती ते आकड्यात होतं. शंभर वर्षांनी आपण "मिळालेली रक्कम" वर आलोय.

आता तुमचा तो मेल. नोटीस आल्याच्या रात्री तुम्ही घाबरून "सॉरी सर, चूक झाली, सगळी रक्कम हप्त्यांनी भरते" असं लिहून पाठवलंत. कोणाला विचारलं होतं? कबुली दिली म्हणजे सगळं संपलं असं नाही, ती गैरसमजातून दिली हे दाखवता येतं, पण आता उत्तरात ते आधी निस्तरावं लागणार. यापुढे क्लार्कला व्हॉट्सअ‍ॅपसुद्धा करू नका.

उरलेल्या सहा दिवसांत लेखी उत्तर गेलंच पाहिजे, बाकी सगळं नंतर. मेल घाबरून आणि अंडरटेकिंग न बघता केला होता, फेब्रुवारी ते जुलैचे ९०,००० हक्क राखून भरतेय, डीडी सोबत, बाकीची मागणी मान्य नाही, १२ टक्क्यांचा आधार द्या, अंडरटेकिंगची कॉपी द्या, आणि निर्णय घेण्याआधी समक्ष ऐकून घ्या. एवढंच, दीड पान. रडगाणं नको, गाइडनं काय त्रास दिला ते नको. कॉपीसाठी आरटीआयही टाका, पण त्याला ३० दिवस असतात म्हणून त्याची वाट बघत उत्तर थांबवू नका. ९०,००० एकदम नसतील तर जमेल तेवढे भरा आणि बाकीच्याची तारीख लिहून द्या, आणि ती पाळा.

सिव्हिल दाव्याचं विचारलंत. सरकारवर दावा करायचा तर साधारणपणे आधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस, मग दिवाळीपुऱ्याच्या कोर्टात तारखा. मी कोर्ट जुन्या न्यायमंदिराच्या इमारतीत होतं तेव्हापासून बघतेय, तुमचा व्हायवा होऊन नोकरी लागेल तरी इश्यूज, म्हणजे वादाचे मुद्दे, फ्रेम झालेले नसतील. तुमची खरी नड नो ड्यूजची आहे, थीसिस त्याच्यावर अडकणार. ९०,००० भरल्यावर, ऐकून न घेता नो ड्यूज अडवलं तर अहमदाबादला हायकोर्टात घटनेच्या कलम २२६ खाली रिट. कराराचा वाद आहे म्हणून कोर्ट आत घेईलच याची खात्री नाही, पण लवकर गेलात तर निदान बाजू ऐकतील, वर्षानं गेलात तर पहिला प्रश्न हाच की इतके दिवस कुठे होतात. फीची काळजी असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, बायकांना मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, म्हणून विचारते. पुस्तकांची, फील्डवर्कच्या प्रवासाची कंटिन्जन्सीची बिलं, तीच बिलं दोन्हीकडे लावलीत का? नसतील तर वरचं सगळं लागू. लावली असतील तर ते मला मेलवर लिहू नका, सगळ्या फायली घेऊन एखाद्या वकिलासमोर जाऊन बसा, आणि तोपर्यंत ते उत्तरही पाठवू नका, पण सहा दिवस सहाच आहेत, म्हणजे उद्या सकाळीच जा.