विंचवाच्या दंशावर बीपीची गोळी कशासाठी?

प्रश्न : नर्सिंगच्या जीएनएम कोर्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कडब्याच्या गंजीजवळ विंचू चावलेल्या मुलाला वॉर्डात प्रॅझोसिन दिलं. ही तर बीपीची गोळी ना? (विद्यार्थिनी, अंबाजोगाई)

उत्तर : बीपीचीच, आणि म्हणूनच चालते. विंचवाच्या विषाने मज्जातंतूंच्या टोकांवरचे सोडियम मार्ग उघडे राहतात, रक्तात ॲड्रेनलिन-नॉरॲड्रेनलिन या ताणाच्या संप्रेरकांचा पूर येतो. ती रक्तवाहिन्यांवरच्या अल्फा-१ रिसेप्टरवर (संदेश घेणाऱ्या जागेवर) बसून त्या आवळतात. हातपाय गार, दरदरून घाम, बीपी वर. पुढे हृदय थकून फुप्फुसात पाणी. प्रॅझोसिन नेमका हाच रिसेप्टर अडवतं. हा उपचार रुजवणारे डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातले.

डोस वजनाच्या किलोला ३० मायक्रोग्रॅम. मूल १६ किलोचं असेल तर ४८० मायक्रोग्रॅम, म्हणजे १ मिलिग्रॅमची साधारण अर्धी गोळी. मिलिग्रॅम-मायक्रोग्रॅमची गल्लत इथेच होते. १ मिलिग्रॅम म्हणजे १००० मायक्रोग्रॅम. गोळी साधीच हवी. हळूहळू विरघळणारी ‘एक्सएल’ गोळी तोडली की तिचा उपयोगच जातो. हातपाय गरम होईपर्यंत डॉक्टर दर ३ तासांनी पुन्हा लिहितात.

पहिल्या डोसनंतर बीपी धाडकन उतरू शकतं, उलट्या-घामाने पाणी कमी झालेलं असेल तर जास्तच. म्हणून मुलाला आडवंच ठेवा, लघवीलाही उठवू नका, कडेवर तर नकोच. नाडी-बीपी दर अर्ध्या तासाला. घाम आटवायला ॲट्रोपिन मागणारे भेटतील. त्याने नाडी आणखी पळते. नुसत्या ठणक्याला मात्र प्रॅझोसिन नाही, तिथे जागा बधिर करणारं लिग्नोकेन.