जुनी मॅनलिखर-शोनाउअर पारखताना

जुन्या रायफली जमवायची सुरुवात १९०३च्या मॅनलिखर-शोनाउअरपासून करताय, उत्तम निवड! ऑस्ट्रियातल्या श्टायरची ही शिकारी रायफल. आधी समजून घ्या तिचं फिरतं मॅगझिन, म्हणजे काडतुसांचा कप्पा. आतली फिरकी पाच काडतुसं वेगवेगळ्या खाचांत धरते, म्हणून बोल्ट (काडतूस आत ढकलणारा, मूठ असलेला दांडा) लोण्यासारखा सरकतो. पण खाचा मूळ ६.५×५४ मिमी काडतुसाच्याच मापाच्या. नंतर कॅलिबर (काडतुसाचं माप) बदललं असेल तर भरताना अडखळू शकते.

हातात घेताच चेंबर (नळीतली काडतुसाची जागा) आणि मॅगझिन रिकामं असल्याची खात्री करा. मग:

- बोल्ट आणि रिसीव्हरवरचे (बोल्ट ज्यात सरकतो त्या धातूच्या सांगाड्यावरचे) नंबर जुळतात का?
- दुर्बिणीसाठी पाडलेली भोकं शोधा. बोल्टची मूठ रिसीव्हरच्या वरच्या फटीतून मागे येते, त्यामुळे दुर्बीण बसवणं अवघड; त्यापायी अनेक रायफली बिघडवल्या गेल्यात.
- लाकूड घासू नका, नवं ब्लूइंग (पोलादावरचा निळसर-काळा मुलामा) तर नकोच. पकडीवरची बारीक जाळीदार नक्षी एकदा गेली की गेलीच.