झीरो टूचा खर्ज गेला कुठे?

तुमची तक्रार मी दोनदा वाचली, कारण पहिल्यांदा ती उलटी वाटली. सेव्हन हर्ट्झ कंपनीचा झीरो टू हा इअरफोन सगळ्यांनी ‘बेस भरपूर’ म्हणून सांगितला आणि तुम्ही घेतला, तर तुम्हाला तो पातळ आणि चिरका लागतोय. डोंबिवली ते दादरमध्ये डाव्या कानातला चार वेळा निसटतो. आणि ऑफिसातल्या मित्राचा मूनड्रॉप चू टू मात्र भरीव वाटला. म्हणून झीरो विकून चू घ्यावा की पैसे घालून ट्रूथइअरचा झीरो रेड घ्यावा, असं विचारताय.

सध्या काहीच विकू नका. या दोघांत बेस जास्त आहे तो झीरो टूमध्येच. चू टू त्याच्या शेजारी जरा सडसडीत आहे. तुम्हाला नेमकं उलटं ऐकू येतंय, म्हणजे झीरो टू तुमच्या कानात बसलेलाच नाही, नुसता टेकलाय. मित्राचा चू योगायोगाने बसला.

असं का होतं ते सांगतो, कारण एकदा कळलं की निम्मी खरेदी वाचते. या दोन्हींत आवाज काढणारा १० मिलिमीटरचा एकेक पडदा आहे. एवढ्याशा पडद्यातून डग्ग्याचा घुमारा निघतो, कारण त्याला खोली भरायची नसते. कानाची नळी आणि रबरी बोंड यांच्यामध्ये कोंडलेली चिमूटभर हवा हलवली की झालं. बोंडाच्या कडेला फट राहिली की ही हवा कोंडलेली राहत नाही. खालच्या सुरांचा दाब सावकाश बदलतो, त्याला फटीतून निसटायला पुरेसा वेळ मिळतो. वरचे सूर इतक्या झपाट्याने हलतात की ते पोचतातच. म्हणून आधी जातो तो बेस, आणि खालचं गेल्यावर वरचं उघडं पडतं. तुम्हाला ‘चिरका’ वाटतोय तो हाच प्रकार.

तुम्ही शास्त्रीय ऐकता असं लिहिलंय, मग चाचणी सोपी आहे. काळी एकमध्ये गाणाऱ्या कुठल्याही गवयाचं ध्वनिमुद्रण लावा आणि गाणं सुरू व्हायच्या आधीचा तंबोराच ऐका. काळी एकचा षड्ज साधारण १३९ हर्ट्झ, खर्जाची तार त्याच्या निम्मी, म्हणजे ६९च्या आसपास. इअरफोन नीट बसला असेल तर ती तार पोटात ऐकू येते. फट असेल तर खर्ज नाहीसा होतो आणि जवारीची नुसती झणझण उरते, जणू तंबोरा शेजारच्या घरात वाजतोय. बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्यांवर मात्र ही परीक्षा घेऊ नका. त्यांत खोल खर्ज उतरलेलाच नाही, तो कोणताही इअरफोन कुठून आणणार?

दुसरी चाचणी गाण्याशिवाय. दोन्ही कानांत घाला, तोंड मिटून ‘म्म्म’ करत रहा. तुमचाच आवाज डोक्याच्या मधोमध घुमला तर दोन्ही बाजू बंद आहेत. घुमारा उजवीकडे सरकला तर डावीकडे गळती आहे. तुमच्याबाबतीत तो उजवीकडेच सरकेल, अशी माझी पैज.

आता बोंडं. डब्यात तीन-चार मापं येतात, आपण मधलं चढवतो आणि बाकीची पिशवी खणात जाते. मीही कित्येक वर्षं तेच केलं. दोन्ही कान सारखे असतात हा आपला गैरसमज आहे. माझ्या डाव्याला मोठं लागतं, उजव्याला मधलं. तुम्ही डाव्यात एक माप मोठं घालून बघा. ‘मोठं म्हणजे दुखणार’ ही भीती बहुतेकदा उलटी ठरते: लहान बोंड पकड मिळेपर्यंत आत ढकललं जातं, मग इअरफोनची कडक नळीच कानाला टोचते. मोठं बोंड अलीकडेच बसतं आणि धरून ठेवतं.

घालायचीही एक रीत आहे. डाव्या कानासाठी उजवा हात डोक्यावरून न्या, कानाची पाळी वर आणि मागे ओढा, म्हणजे कानाची नळी सरळ होते. मग इअरफोन थोडा पिळत आत सरकवा आणि पाळी सोडा. सावकाश. झटक्यात घातलात तर ‘कट्’ असा आवाज येईल. तो कोंडलेल्या हवेने इअरफोनचा पडदा मुडपल्याचा असतो, कानाचा नव्हे. स्वस्त इअरफोनांत हे सर्रास होतं, घाबरून परत पाठवू नका. गाडीत वडापाव खाताना बेस ये-जा करत असेल तर तेही साहजिक आहे, जबडा हलला की नळीचा आकार बदलतो.

एवढं करूनही जमलं नाही तर वेगळी बोंडं विकत घ्या, इअरफोन नव्हे. स्पिनफिट कंपनीच्या बोंडांची मान लवचिक असते, वाकड्या नळीच्या कानांना ती सोसते. फोमची बोंडं चिमटीत दाबून घालायची, ती आत फुगतात आणि गाडीचा खडखडाट चांगला अडवतात. पण वरच्या सुरांची धार थोडी मारतात आणि मुंबईच्या घामात काही महिन्यांत निकामी होतात. फोम घेतलात तर इअरफोनच्या नळीच्या जाडीला बसणाराच घ्या. मी एकदा रस्त्यावरची बिनमापाची जोडी घेतली होती. काढताना इअरफोन बाहेर आला, फोम आतच राहिला. कानाच्या डॉक्टरांनी चिमट्याने अर्ध्या मिनिटात काढला आणि फी पूर्ण घेतली. तेव्हापासून बोंड घट्ट बसलंय का, हे ओढून बघितल्याशिवाय कानात घालत नाही.

बसण्याचं मिटलं की मग आवाजाची तुलना. चू टूचं अंग धातूचं, आटोपशीर. कान लहान असलेल्यांना तो झटकन जमतो, मित्राचा तुम्हाला जमला त्याचं कारण बहुधा हेच. त्यात गळा पुढे असतो. सतार, सरोद, हार्मोनियमच्या पट्ट्यांचा खुळखुळाटसुद्धा स्पष्ट. पण आवाज वाढवला की काही गायिकांचे ‘स’ आणि ‘श’ टोचायला लागतात. झीरो टूचं अंग मोठं पण प्लास्टिकचं, म्हणून हलकं. तासाभराने विसरायला होतं. त्यात डग्ग्याला वजन आहे, सिनेमातली ढोल-ताशाची गाणी रंगतात, आणि वरचं टोक चूपेक्षा सौम्य. तुमचं ऐकणं निम्मं शास्त्रीय, निम्मं फिल्मी आहे, तेव्हा तुम्ही घेतलाय तोच तुमच्यासाठी बरा, असं माझं मत. फक्त खयाल आणि नाट्यगीतं ऐकत असता तर चू म्हटलं असतं. बाजारात आले तेव्हा चू टू १९ डॉलरच्या आसपास होता आणि झीरो टू २५च्या. इतक्या फरकासाठी विकाविकी करण्यात राम नाही.

केझेड कंपनीच्या झेडएसएन प्रो एक्स या इअरफोनबद्दलही विचारलंय. वरचे सूर फार चढवलेले आहेत. झांजा ऐकायला मजा, तार सप्तकातली तान ऐकायला शिक्षा. ब्लॉनचा बीएल-०३ तर बसवण्याच्या बाबतीत धडाच आहे: २०१९ साली आवाजासाठी नावाजला गेला आणि आखूड नळीमुळे कुणाच्या कानात टिकेना. लोकांनी बोंडं बदलून बदलून तो वापरला. इतकं कष्टाचं प्रेम मी तरी करणार नाही.

कुठला सूर किती मोठा येतो ते दाखवणारे इअरफोनचे आलेख बघून निवडायची सवय असेल तर एक सांगून ठेवतो. ८ हजार हर्ट्झजवळ जो सुळका दिसतो तो पुष्कळदा मोजणीच्या यंत्राच्या नळीतल्या अनुनादाचा असतो. तुमच्या कानात तो कुठे पडेल हे इअरफोन किती आत जातो यावर ठरतं. सुळका बघून नाकारू नका, आणि नाही दिसला म्हणून भाळूही नका.

वायरीबद्दल थोडं. झीरो टू आणि चू टू दोन्ही वायर कानावरून मागे नेऊन घालायचे आहेत. तसे घातले की वायर शर्टाला घासल्याची खरखर बरीच कमी होते आणि वजन बोंडावर येत नाही. तुम्ही वायर सरळ खाली सोडून घालत असाल तर डावा निसटण्याचं ते दुसरं कारण. चष्मा असेल तर आधी इअरफोन, मग चष्मा. माझ्या बायकोने लग्नसमारंभाला बुगडी घातली की हा सगळा प्रकार बाद होतो. तिच्यासाठी फायनल कंपनीचा ई३००० इअरफोन ठेवलाय, गोळीच्या आकाराचा, वायर खाली सोडायचा.

फोनला गोल जॅक नसेल तर टाइप-सीचा साधा अडॅप्टर पुरतो. फक्त अ‍ॅपलचा घेऊन अँड्रॉइडला लावू नका, बऱ्याच फोनवर आवाज फार हळू येतो. आणि कान नीट बंद झाला की गाडीतही आवाज कमी ठेवून भागतं, हा खरा फायदा. ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे; गळका इअरफोन घालून लोकलच्या खडखडाटावर मात करायला गेलात तर ती सहज ओलांडाल.

राहता राहिला रेड. चांगला आहे, दोन पडदे आहेत, आणि सोबत येणारा १० ओहमचा छोटा अडॅप्टर मध्ये लावला की बेस आणखी वाढतो. पण त्याची नळी या दोघांपेक्षा जाड आहे. ज्याला साधा झीरो टू डाव्या कानात टिकत नाही त्याने तो न बघता घेणं म्हणजे जुगार. मी रोज ठाण्याहून दादरला उतरतो, माझा रेड आणू शकतो. दोन दिवस घालून बघा. बोंडं मात्र तुमची आणा.