टीव्हीवरच्या क्रिकेट तज्ज्ञांची भाकितं किती खरी ठरतात, याचा हिशोब कसा ठेवायचा?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: सामन्याआधी चॅनेलवाले आणि पेपरवाले जी भाकितं करतात त्यांची नोंद कशी ठेवायची, आणि त्यांच्यात भरवशाचं कोण. पहिलीचं उत्तर लांब आहे, दुसरीचं आखूड. आणि आखूड उत्तर ऐकून तुम्ही थोडे नाराज व्हाल.

ठाण्याहून ट्रान्स हार्बरने घणसोली-महापेकडे नोकरीला जाणारा आमचा एक ग्रुप आहे. त्यात एक काका आहेत, त्यांना कुठल्याही सामन्यानंतर "मी म्हटलंच होतं" म्हणायची सवय. त्यांना गप्प करायला म्हणून वही सुरू झाली, मग ती गूगल शीटवर गेली आणि काकांच्या जोडीला चॅनेलवरचे माजी खेळाडू, पेपरातले स्तंभलेखक, यूट्यूबवाले असे सगळेच आत आले. काका काही गप्प झाले नाहीत, ते सोडा.

बरोबर की चूक हे ठरवायला फारसा वेळ लागत नाही. वेळ जातो तो नोंदवण्याजोगं भाकीत शोधण्यात. सामन्याआधीचा एखादा कार्यक्रम हातात पेन घेऊन ऐकून बघा. "भारताचं पारडं जड आहे, पण ऑस्ट्रेलियाला कमी लेखून चालणार नाही." "पॉवरप्लेमध्ये विकेट नाही गेली तर भारत दोनशेच्या पुढे जाईल." "जो संघ दबाव चांगला हाताळेल तोच जिंकेल." यातलं शीटमध्ये काय चढवणार? पहिलं वाक्य भारत जिंकला तरी खरं आणि हरला तरी खरं. तिसरं कुठल्याही खेळाच्या कुठल्याही सामन्याला लावा, चालतं. मधलं जर-तरचं आहे, पण निदान ते पकडता येतं. अट पुरी झाली तर मोजायचं, नाही झाली तर भाकीत रद्द, ना गुण ना दंड.

त्यातही कटकटी असतात. पॉवरप्लेच्या शेवटच्या चेंडूवर एक रनआउट झाला आणि धावा झाल्या २१०, तर तज्ज्ञाला गुण द्यायचा का? यावर आमच्याकडे ऐरोली ते घणसोली कडाक्याचं भांडण झालं. "अहो, त्याला म्हणायचं होतं की सुरुवात चांगली झाली तर..." असं एक जण म्हणाला, आणि तिथेच नियम ठरला: कुणाला काय म्हणायचं होतं हे आपण बघायचं नाही, तोंडातून काय बाहेर पडलं तेवढंच लिहायचं. एकदा का आपण तज्ज्ञाची वकिली करायला लागलो की आवडत्या माणसाचं सगळंच बरोबर येतं.

म्हणून शीटमध्ये वाक्य शब्दशः लिहा, आपल्या शब्दांत नको. शेजारी कोण, कुठे, किती वाजता बोललं. मग निकाल कशावरून आणि कुठल्या तारखेला ठरणार, हे त्याच वेळी लिहून टाका. सामना संपल्यावर हा रकाना भरायला बसलात तर भांडणं अटळ. टॉसच्या आधी बोलला की नंतर, याला वेगळा रकाना ठेवा, कारण टॉस आणि अकरा जणांची यादी हातात आल्यावर बोलणं हे वेगळं काम आहे. आणि एक रकाना "मोजता येत नाही" असा. तो सगळ्यात आधी भरतो. काही नामवंतांची वर्षभराची सगळी वाक्यं त्याच रकान्यात पडलेली दिसतात, आणि माझ्या मते तो त्या माणसाबद्दलचा पुरेसा निकाल आहे.

आता टक्केवारी. "अमुक तज्ज्ञाची सत्तर टक्के भाकितं खरी ठरली" हे ऐकायला झकास वाटतं, पण कशाच्या तुलनेत? आम्ही शीटमध्ये बंडोपंत नावाचा एक काल्पनिक गडी ठेवलाय. त्याला क्रिकेटमधलं काही कळत नाही. तो फक्त आयसीसीची क्रमवारी बघतो आणि वरच्या संघाचं नाव लिहितो. भारत विरुद्ध झिम्बाब्वे, लिहिलं भारत. एवढ्यावर त्याला भरपूर गुण मिळतात. तेव्हा तज्ज्ञ बंडोपंताच्या पुढे किती गेला, हाच खरा आकडा. पुष्कळ जण जात नाहीत. मागे पडतात ते बहुतेक वेळा धक्कादायक काहीतरी सांगण्याच्या हौसेपायी.

आयपीएलला हे आणखी मजेशीर होतं. दर वर्षी मार्च उजाडला की "माझे टॉप फोर" सुरू होतं. दहा संघ, चार जागा. डोळे मिटून चार चिठ्ठ्या उचलल्या तरी सरासरी १.६ संघ बरोबर येतात. दोन किंवा अधिक बरोबर यायची शक्यता जवळपास ५५ टक्के आहे. (गणित हवं असेल तर: दहातून चार निवडायचे २१० प्रकार, त्यातल्या ११५ मध्ये दोन किंवा जास्त जुळतात.) म्हणजे "माझे चारपैकी दोन बरोबर आले" असं कुणी छाती फुगवून सांगितलं, तर त्याने चिठ्ठ्यांइतकंच काम केलंय. चारही बरोबर येणं मात्र २१० मध्ये एकदा, तिथे टाळी वाजवायला हरकत नाही. या याद्यांमध्ये मुंबई आणि चेन्नई ही नावं सवयीने पडतात, पाच-पाच वेळा जिंकलेले संघ म्हणून. २०२४ ला मुंबई दहावी आली, २०२५ ला चेन्नई दहावी. २०२२ ला तर मुंबई दहावी, चेन्नई नववी, आणि जिंकलं कोण, तर पहिल्यांदाच खेळणारं गुजरात.

नुसतं बरोबर-चूक मोजण्यापेक्षा चांगली पद्धत म्हणजे खात्रीसकट मोजणं. ग्लेन ब्रायर नावाच्या अमेरिकन हवामानतज्ज्ञाने १९५० मध्ये पावसाचे अंदाज तपासायला एक सोपं सूत्र दिलं, ते इथे जसंच्या तसं चालतं. भाकितात किती टक्के खात्री होती ते दशांशात घ्या. गोष्ट घडली तर १, नाही घडली तर ०. दोन्हींतला फरक काढून त्याचा वर्ग करा. जितका कमी तितकं चांगलं. सगळीकडे "फिफ्टी-फिफ्टी" म्हणणाऱ्याला दर वेळी ०.२५ मिळतात, म्हणजे ज्याची सरासरी ०.२५ च्या वर, त्याने गप्प बसलेलं बरं.

आमच्या घराजवळचंच उदाहरण घ्या. ३० ऑक्टोबर २०२५, नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम, महिला विश्वचषकाची उपांत्य फेरी. ऑस्ट्रेलिया सात वेळची विजेती, भारत साखळीत लागोपाठ तीन सामने हरून कसाबसा पोचलेला. समजा एकाने ऑस्ट्रेलियाला ८० टक्के दिले, दुसऱ्याने ६०, तिसरा म्हणाला "ऑस्ट्रेलियाच, लिहून घ्या", म्हणजे १००. ऑस्ट्रेलियाने ३३८ केल्या, जेमिमा रॉड्रिग्जने नाबाद १२७ करून भारताने त्या गाठल्या. महिलांच्या एकदिवसीय सामन्यांतला तो सर्वात मोठा यशस्वी पाठलाग. तिघंही चुकले. पण शीटमध्ये पहिल्याला ०.६४, दुसऱ्याला ०.३६ आणि लिहून घ्यायला लावणाऱ्याला पूर्ण १. साध्या बरोबर-चूकमध्ये तिघांना एकच शून्य मिळालं असतं, आणि ते अन्यायाचं होतं. आमच्या बंडोपंतानेही ऑस्ट्रेलियाच लिहिलं होतं, फायनलला भारत लिहून भरपाई केली. त्याच मैदानावरचा साखळीतला भारत-बांगलादेश सामना पावसाने अर्धवट राहिला, त्यावरची सगळी भाकितं रद्द; असे सामने दोन्ही बाजूंनी काढून टाकायचे.

अडचण अशी की तज्ज्ञ आकडा सांगतच नाहीत. "नक्की", "बहुतेक", "वाटतंय" यांना किती टक्के द्यायचे? आम्ही एक तक्ता ठरवून टाकलाय: नक्की ९०, बहुतेक ७०, वाटतंय ६०. हे काटेकोर नाही, पण सगळ्यांना सारखं आहे आणि मोसमाच्या मधे बदलत नाही, तेवढं पुरतं. याउलट स्क्रीनच्या कोपऱ्यात जिंकण्याची टक्केवारी दाखवणारं ते यंत्र निदान आकडा तरी देतं. लोक त्यालाच शिव्या घालतात. वानखेडेवर २०२३ मध्ये ऑस्ट्रेलिया अफगाणिस्तानविरुद्ध २९२ च्या पाठलागात ७ बाद ९१ होती, तिथून मॅक्सवेलने नाबाद २०१ करून सामना काढला, आणि दुसऱ्या दिवशी गाडीत "बघा ते यंत्र" सुरू झालं. पण यंत्राने एखाद्या संघाला दोन-तीन टक्के दिले म्हणजे शंभरात दोन-तीनदा तसं व्हायलाच हवं. कधीच झालं नाही तर यंत्र बिघडलंय असं समजा. उरलेल्या सत्त्याण्णव वेळा काय झालं ते कोण लक्षात ठेवतो?

म्हणूनच एकेका भाकितावरून माणूस जोखू नका. ऑस्ट्रेलियाचा गोलंदाज ग्लेन मॅकग्रा याचं अॅशेसबद्दलचं (इंग्लंड-ऑस्ट्रेलिया कसोटी मालिका) "ऑस्ट्रेलिया ५-०" हे भाकीत प्रसिद्ध आहे. २००५ मध्ये इंग्लंडने ती मालिका २-१ ने जिंकली, २००६-०७ मध्ये खरोखरच ५-० झालं. फक्त दुसरी मालिका पाहिली तर बाबा त्रिकाळज्ञानी वाटेल. तसाच २०१० च्या फुटबॉल विश्वचषकातला पॉल ऑक्टोपस, आठपैकी आठ. निव्वळ नाणं उडवून असं होण्याची शक्यता २५६ मध्ये एक. जगभरातल्या प्राणिसंग्रहालयांत आणि चॅनेलांवर पोपट, हत्ती, मांजरं मिळून भाकितं करायला बसवली तर एखाद्याचं जुळणारच, आणि बातमी त्याचीच होणार. त्याच पॉलचे २००८ च्या युरो स्पर्धेत सहापैकी चारच जुळले होते.

टेलिग्रामवरचे "शंभर टक्के टिप" वाले ही गोष्ट आपल्यापेक्षा चांगली जाणतात. सोळाशे लोकांपैकी आठशेंना सांगायचं अमुक जिंकणार, आठशेंना तमुक. ज्यांच्याकडे चुकलं त्यांना सोडून द्यायचं, उरलेल्यांचे पुन्हा दोन भाग. चार सामन्यांनंतर शंभर लोक असे उरतात ज्यांच्या मते हा माणूस कधीच चुकत नाही. मग फी. त्यामुळे भाकीत करणाऱ्याने स्वतःच ठेवलेला रेकॉर्ड कधीही धरू नका, पोस्ट डिलीट करायला एक सेकंद लागतो. स्क्रीनशॉट घ्या, वेळ दिसेल असा. आणि आमच्या शीटवरून पैसे लावता येतील का असं विचारत असाल, तर नको. बेकायदा आहे हा एक भाग, आणि बंडोपंताला जेमतेम हरवणारा तज्ज्ञ तुम्हाला श्रीमंत करणार नाही हा दुसरा.

चुकल्यावर माणूस काय करतो याची मी शीटमध्ये शेरा म्हणून नोंद घेतो. त्याला गुण नाहीत, पण मला ती वाचायला आवडते. डिसेंबर २०२० मध्ये अॅडलेडला भारत ३६ मध्ये गुंडाळला गेला तेव्हा काही मोठमोठ्या माजी खेळाडूंनी मालिका ऑस्ट्रेलिया ४-० जिंकणार असं सांगून टाकलं. जानेवारीत भारत २-१ ने जिंकला, आणि बहुतेकांनी विषय बदलला. याच्या अगदी उलट डेव्हिड फ्रिथ. विस्डेन क्रिकेट मंथलीच्या या संपादकाने १९८३ च्या विश्वचषकाआधी भारतीय संघाची लायकी काढली होती. कपिलने कप उचलल्यावर एका वाचकाने पत्र लिहून आठवण करून दिली की आता आपले शब्द गिळा. फ्रिथने छापील कागद खरोखर तोंडात घालून खाल्ला आणि तो फोटो छापला. सट्टेबाजांकडे भारताचा भाव तेव्हा ६६ ला १ होता, त्यामुळे एकटा फ्रिथ चुकला असं मुळीच नाही. कागद खाल्ला तेवढा त्याने एकट्याने.

आता भरवशाचं कोण. फिलिप टेटलॉक या अभ्यासकाने राजकारणावर भाष्य करणाऱ्या २८४ तज्ज्ञांची भाकितं सुमारे वीस वर्षं तपासली आणि २००५ मध्ये निष्कर्ष मांडले. साध्यासुध्या नियमांपुढे तज्ज्ञांची फारशी डाळ शिजली नाही, आणि माध्यमांत जास्त झळकणारे उलट जास्त चुकत होते. क्षेत्र राजकारणाचं होतं, पण आमच्या शीटचा कलही तसाच दिसतो. ज्यांच्या क्लिप फिरतात ते तळाला. वरच्या बाजूला एक-दोन पेपरातले वार्ताहर आहेत. हे लोक निकाल कमी सांगतात. खेळपट्टी कोरडी आहे, संध्याकाळी दव पडेल, अमुक गोलंदाजाचा खांदा दुखतोय असं सांगतात, आणि निकाल सांगायची वेळ आली की साठ-पासष्ट टक्क्यांच्या पुढे जात नाहीत. नावं देत नाही, कारण एवढ्या नोंदींवरून नाव घेणं म्हणजे पुन्हा ऑक्टोपसच. शिवाय तुम्ही बघता ती चॅनेलं आणि पेपर आमच्यापेक्षा वेगळे असतील.

पुढच्या आयपीएलपासून सुरुवात करा. पाच-सहा जणच निवडा, जास्त नको, दमछाक होते. त्यांच्या टॉप फोरच्या याद्या पहिल्या सामन्याच्या टॉसआधी शीटमध्ये चढवा आणि शीट निदान चार जणांना दिसेल अशी शेअर करून ठेवा. टॉसनंतर आलेली यादी आम्ही घेत नाही. काकांचीसुद्धा नाही.