बोरिवलीपुढचं शून्य कुठे गेलं?

प्रश्न : सी भाषेत लोकलच्या इंडिकेटरचं मिनी प्रोजेक्ट करतोय. ८ बाइटांच्या ॲरेत (सलग जागांच्या रांगेत) स्टेशनचं इंग्रजी नाव 'स्ट्रएनकॉपी'नं (strncpy, ठरावीक मर्यादेपर्यंत अक्षरं कॉपी करणारं फंक्शन) भरतो, मर्यादा ८. अंधेरी नीट छापलं जातं, बोरिवलीपुढे मात्र कचरा येतो. (डिप्लोमा विद्यार्थी, दादर)

उत्तर : अंधेरीच्या स्पेलिंगमध्ये ७ अक्षरं, म्हणून आठव्या जागी शून्य बसलं. बोरिवलीची बरोबर ८. सगळ्या जागा भरल्या आणि स्ट्रिंग संपल्याची खूण, म्हणजे ते शून्य, पडलंच नाही. मग प्रिंटएफ (printf, छापणारं फंक्शन) पुढच्या मेमरीत शून्य सापडेपर्यंत छापत सुटतं. स्ट्रएनकॉपी बिघडलेलं नाही. जुन्या युनिक्समध्ये डिरेक्टरीत फाइलच्या नावाला ठरावीक १४ बाइट असत. तसल्या रकान्यांसाठीच याची रीत आहे: नाव लहान असेल तर उरलेली जागा शून्यांनी भरायची, रकाना पूर्ण भरला तर शून्य टाकायचं नाही. 'नावात एन आहे म्हणजे सेफ' असं वर्गात सर्रास सांगतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मर्यादा ७ ठेवा आणि इंडेक्स ७ वर शून्य स्वतः लिहा. पण त्यानं बोरिवलीचा शेवटचा 'आय' गुपचूप जाईल. म्हणून मी सी ९९ (सी भाषेचं १९९९ चं प्रमाण) मधलं एसएनप्रिंटएफ (snprintf) वापरतो, 'पर्सेंट एस' (%s, म्हणजे स्ट्रिंग) फॉरमॅट देऊन. ते शून्य टाकतंच. शिवाय परत आलेला आकडा ॲरेच्या आकाराइतका किंवा मोठा असेल तर नाव कापलं गेलंय हे कळतं. तो आकडा तपासाच. खरं तर ॲरेच ३२ चा घ्या.

प्रश्न : ॲरे ५० चा, तो फंक्शनला पाठवला, तरी आत साइझऑफ (sizeof, आकार सांगणारं) ८ दाखवतं. (कुर्ला)

उत्तर : आत ॲरे नाही, पॉइंटर (ॲरेचा मेमरीतला पत्ता) पोहोचतो, ६४ बिट मशीनवर तो ८ बाइटांचा. आकार वेगळा पॅरामीटर म्हणून पाठवा.

प्रश्न : स्ट्रएनकॅटला (strncat, आधीच्या स्ट्रिंगला पुढे अक्षरं जोडणारं फंक्शन) ॲरेचा पूर्ण आकार दिला तर चालेल? (ठाणे)

उत्तर : नाही. तिथली मर्यादा म्हणजे आणखी किती अक्षरं जोडायची ते, आणि शून्य त्याहून वेगळं. उरलेल्या जागेतून १ वजा करून द्या.

प्रश्न : 'मुंबई' देवनागरीत लिहिलं, १० बाइट कॉपी करून शून्यही टाकलं. तरी शेवटी चौकोन दिसतो. (गिरगाव)

उत्तर : यूटीएफ-८ (अक्षरं बाइटांत साठवण्याची पद्धत) मध्ये म, उकार, अनुस्वार, ब, ई यांना प्रत्येकी ३, असे १५ बाइट लागतात. १० मध्ये 'मुं' मावलं आणि 'ब'चा एकच बाइट आला. कापण्याच्या जागेवरच्या बाइटचे पहिले दोन बिट १ आणि ० असतील, तर तसे नसलेला बाइट मिळेपर्यंत मागे सरका आणि तिथे कापा. तरीही मर्यादा ७ असेल तर 'मु' उरेल, अनुस्वार गळेल. मराठी नावांसाठी जागा सढळ हातानं द्या. एकट्या 'मुंबई'लाच शून्य धरून १६ बाइट लागतात.