ध्वनिमुद्रणातील टकटक आणि रॅमचा सल्ला

प्रश्न : आमच्या भजनी मंडळाचे अभंग आणि गावातील ज्येष्ठ स्त्रियांच्या जात्यावरच्या ओव्या मी घरीच मुद्रित करतो. दोन माइक जोडता येतील असा यूएसबी ऑडिओ इंटरफेस आहे; लॅपटॉप विंडोजचा, ८ जीबी रॅम व एसएसडी असलेला आहे. मुद्रणात मधूनच ‘टक्’ असा आवाज येतो आणि पखवाजाचा एखादा बोल तुटतो. बफर (ध्वनी क्षणभर साठवून ठेवण्याची जागा) वाढवला की टकटक थांबते. परंतु गाणाऱ्याला हेडफोनमध्ये स्वतःचाच आवाज मागाहून येतो व लय सुटते. दुकानदार रॅम १६ जीबी करण्यास सांगतात. काय करावे?
– एक वाचक, सेलू (जि. परभणी)

उत्तर : रॅमवर तूर्त खर्च करू नये. ४८ किलोहर्ट्झ (सेकंदाला ध्वनीची ४८,००० मापे, म्हणजेच नमुने) व २४ बिट या मापाने दोन माइकचे मुद्रण केल्यास मिनिटाला जेमतेम १७ एमबी जागा लागते, आणि तेवढे काम आपल्या लॅपटॉपला मुळीच जड नाही. संगणकातच साठवलेल्या वाद्यध्वनींवरून तबला-तानपुरा वाजवायचा असेल, तेव्हा मात्र जादा रॅम उपयोगी पडते.

प्रथम टकटक नेमकी कोठे आहे, ते पाहावे. तोच तुकडा पुन्हा लावल्यावर ती दरवेळी त्याच बोलावर ऐकू आली, तर ती मुद्रणातच शिरली आहे. जागा बदलत असेल, तर दोष केवळ ऐकवण्यातला आहे.

४८ किलोहर्ट्झवर १२८ नमुन्यांचा बफर म्हणजे सुमारे २.७ मिलिसेकंद. प्रत्येक खेपेला तेवढ्या अवधीत प्रोसेसरने आलेला ध्वनी उचलला नाही, तर त्या जागी खंड पडतो. वाढपी कितीही चपळ असला, तरी त्याला दारातच कोणी बोलण्यात गुंतवले तर पंगतीतले पान रिकामे राहणारच. प्रोसेसरवरील भार अवघा २० टक्के दिसत असतानाही टकटक येते, ती यामुळेच. प्रोसेसरला असे अडवून धरणारे बहुधा वायफाय, बॅटरी किंवा ग्राफिक्सचे ड्रायव्हर (ते ते उपकरण चालवणारी छोटी सॉफ्टवेअर) असतात. कोणता ड्रायव्हर अडवतो ते दाखवणारे लेटन्सीमॉन हे मोफत साधन काही मिनिटे चालवून पाहावे. यादीत वर ‘एनडीआयएस’ दिसल्यास संशय नेटवर्कवर, ‘एसीपीआय’ दिसल्यास वीजव्यवस्थापनावर घ्यावा.

मुद्रणापुरते वायफाय व ब्लूटूथ बंद ठेवावे, पॉवर प्लॅन ‘हाय परफॉर्मन्स’वर न्यावा, यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (वीज वाचवण्यासाठी यूएसबी उपकरण झोपवणारी सोय) बंद करावे आणि इंटरफेस हबमध्ये न खोचता थेट लॅपटॉपला जोडावा. ड्रायव्हर इंटरफेसच्या उत्पादकाचाच एएसआयओ (ध्वनी कमीत कमी विलंबाने पोचवणाऱ्या पद्धतीचा) घ्यावा; एएसआयओफोरऑल हा विंडोजच्याच ड्रायव्हरवर चढवलेला थर असल्याने तो अडीअडचणीपुरताच वापरावा.

आपल्याकडे आणखी एक कारण संभवते. वैशाखात, माइकमध्ये घरघर नको म्हणून पंखा बंद करून आपण बसतो आणि लॅपटॉप सतरंजीवर ठेवतो. त्याची खालची जाळी झाकली जाते, तो तापतो आणि स्वतःहून आपला वेग कमी करतो. तो पाटावर किंवा स्टुलावर ठेवावा, आणि शक्य तर मुद्रण पहाटे उरकावे. ओव्यांना ती वेळ शोभतेही. चार्जर लावल्यावर गुणगुण ऐकू येत असेल, तर घराचे अर्थिंग तपासून घ्यावे. त्यासाठी बॅटरीवर मुद्रण करणे हा केवळ तात्पुरता उपाय आहे, कारण बॅटरीवर अनेक लॅपटॉप मंदावतात.

आता मागाहून येणाऱ्या आवाजाविषयी, कारण आपल्या पेचाचे खरे उत्तर तेथेच आहे. २५६ च्या बफरला ध्वनी आत येण्यास ५.३ आणि बाहेर जाण्यास तितकेच मिलिसेकंद लागतात, शिवाय ड्रायव्हरचा वेळ वेगळा. हा सारा प्रवास टाळता येतो. बहुतेक इंटरफेसवर ‘डायरेक्ट मॉनिटर’ असे बटण किंवा खुंटी असते. ती चालू केली की गाणाऱ्याचा आवाज संगणकाला वळसा घालून सरळ हेडफोनमध्ये येतो. त्याच वेळी सॉफ्टवेअरमधील त्या ट्रॅकचे मॉनिटरिंग (गातानाच आवाज परत ऐकवणे) बंद करावे, अन्यथा आवाज दुहेरी ऐकू येईल. मग बफर ५१२ किंवा १०२४ वर ठेवला तरी लय सुटण्याचे कारण उरत नाही. गाताना हेडफोनमध्ये सॉफ्टवेअरमधील घुमारा मिळणार नाही, एवढीच उणीव. पण ओवी म्हणणाऱ्या आजींना तो कशाला हवा?

एवढे करून झाल्यावर मंडळाला बोलावण्यापूर्वी केवळ पखवाज घेऊन दहा मिनिटांचे मुद्रण करावे आणि ते हेडफोन लावून अखेरपर्यंत ऐकावे.